शांत तालुक्याचा हिशेब

राळेगाव तालुका शांत आहे, असे आमच्याकडे सगळेच म्हणतात. तहसीलमध्ये म्हणतात, पानठेल्यावर म्हणतात, सणावाराच्या आधी शांतता समितीची बैठक होते तेव्हा व्यासपीठावरून हे वाक्य हमखास येते. इथे टोळ्या नाहीत, खंडणी नाही, नागपूरसारखे दिवसाढवळ्या मुडदे पडत नाहीत. पऱ्हाटी, तूर, सोयाबीन, मजुरी आणि कर्ज यांतून डोके वर काढायला लोकांना सवड नाही, मग भांडायला कुठून असणार, असाही एक विनोद केला जातो.

मी या भागात बचतगटांबरोबर आणि कौटुंबिक समुपदेशनाचे काम करते. गावोगावच्या बायका जे सांगतात ते माझ्या वहीत उतरते. त्या वहीतला तालुका आणि हा शांत तालुका एकच आहे, हे मला अनेकदा पटत नाही. दोन्ही खरे आहेत, एवढे मात्र खरे. फरक पडतो तो मोजणीत. ग्रामीण भागात गुन्ह्यांचा आकडा बाई किती सुरक्षित आहे हे मोजत नाही. बाई ठाण्यापासून किती लांब आहे, हे तो मोजतो. हे लांब असणे किलोमीटरचे असते, पैशांचे असते, जातीचे असते आणि ठाण्यात कोणता प्रश्न विचारला जातो त्याचेही असते. या शेवटच्यापासून सुरुवात करते, कारण आपण कार्यकर्त्यांनीही त्याकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही.

जिल्ह्यातल्या एका ठाण्यात मी एका बाईबरोबर गेले होते. नवऱ्याने वाळलेल्या पऱ्हाटीने मारले होते, पाठीवर वळ होते. टेबलामागचा जमादार भला माणूस होता. त्याने खुर्ची दिली, पाणी मागवले, आवाज चढवला नाही. मग त्याने विचारले, "काल काय झालं ते सांगा." तिने सांगितले. तो लिहून घेत गेला. भाजीत मीठ कमी झाले, त्यावरून बोलाचाली, मग मार. कागद तयार झाला, तिने अंगठा उमटवला, तिला एक प्रत मिळाली. बाहेर येऊन चिंचेखाली बसल्यावर तिने मला विचारले, "ताई, या कागदाचं का करू मी?"

तो कागद एनसीचा होता, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. साधी दुखापत, शिवीगाळ, धमकी. पूर्वीची ३२३, ५०४, ५०६ ही तिन्ही कलमे ठाण्याच्या बाकावर बसलेल्या बायकांनाही पाठ असायची. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात त्यांची ११५(२), ३५२ आणि ३५१ झाली. आकडे बदलले, कागद तोच राहिला. अदखलपात्र म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशावाचून पोलीस तपास करू शकत नाहीत. बाईने स्वतः कोर्टात जायचे. कोर्टात जायचे म्हणजे रोजी बुडवायची, वकील शोधायचा, आणि संध्याकाळी त्याच घरात परत जायचे. देशाचे गुन्ह्यांचे जे वार्षिक आकडे प्रसिद्ध होतात ते दखलपात्र गुन्ह्यांचे असतात. म्हणजे ही बाई त्या आकड्यात नाही. ती ठाण्याची पायरी चढली, बोलली, अंगठा दिला, तरी तिच्या तालुक्याची शांतता भंगली नाही.

त्याच बाईने मला चिंचेखाली अर्ध्या तासात आणखी जे सांगितले ते असे: चार वर्षांची मारहाण, माहेरून मोटारसायकलीचे पैसे आण म्हणून तगादा, दोन वेळा रात्री घराबाहेर काढणे, पोरीच्या जन्मानंतर जेवायला न देणे. हे सगळे पूर्वीच्या ४९८-अ मध्ये, म्हणजे आताच्या संहितेच्या ८५ आणि ८६ कलमांत बसते. तो गुन्हा दखलपात्र आहे. पण तिला हे कुणी विचारलेच नाही. "काल काय झालं" असे विचारले की उत्तर कालचेच येते. कायदा वागणुकीची साखळी पाहतो, ठाणे कालची रात्र पाहते. जमादार वाईट होता असे मी म्हणणार नाही. त्याला ज्या पद्धतीने रिपोर्ट लिहायची सवय आहे त्या पद्धतीत छळ लिहिताच येत नाही. छळाला तारीख नसते, आणि त्याच्या रकान्यात तारीख लागते.

तरी ही बाई निदान ठाण्यापर्यंत पोचली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या विवाहित बायकांपैकी सुमारे चारातल्या एकीने नवऱ्याकडून मारहाण किंवा लैंगिक जबरदस्ती झाल्याचे सांगितले. देशभरातल्या ज्या बायकांनी हिंसा सोसली त्यांपैकी १४ टक्के बायकांनीच कुणाची तरी मदत मागितली होती, आणि ७७ टक्क्यांनी मदत मागणे सोडाच, कुणाला सांगितलेही नव्हते. ज्यांनी मदत मागितली त्यांनीही ती बहुतेक माहेरच्यांकडे मागितली. पोलिसांपर्यंत गेलेल्या अगदी थोड्या. आता गुन्ह्यांच्या आकड्याकडे या बाजूने बघा. २०२२ च्या राष्ट्रीय गुन्हे नोंदणी अहवालात महाराष्ट्रात स्त्रियांविरुद्धचे ४५,३३१ गुन्हे आहेत. राज्यातल्या विवाहित बायकांची संख्या कोटींत आहे. चारातली एक आणि पंचेचाळीस हजार, या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत आपल्या गटातल्या बहुतेक बायका राहतात.

त्या अहवालाची आणखी एक रीत आहे. एकाच प्रकरणात अनेक गुन्हे असले तर त्यांतला सर्वांत गंभीर तेवढा मोजला जातो. बलात्कार करून खून केला, तर तो खुनाच्या रकान्यात जातो. हिशेब ठेवणाऱ्यांची यात काही सोय असेल. पण वर्तमानपत्रे हे आकडे छापून जिल्ह्याजिल्ह्यांची तुलना करतात आणि कुठे बाई सुरक्षित, कुठे असुरक्षित याची यादी लावतात, तेव्हा मला कपाळावर हात मारावासा वाटतो. जिथे जास्त बायका रिपोर्ट देतात तो जिल्हा बदनाम होतो आणि जिथे बायका तोंड दाबून बसतात त्याची पाठ थोपटली जाते.

पाठ थोपटण्याचीच तर एक सरकारी योजना झाली. १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. आर. आर. पाटील तेव्हा गृहमंत्री होते. गावातले भांडण गावात मिटावे, कोर्टकचेरीत गरिबाचा पैसा जाऊ नये, हा विचार चांगला होता. धुऱ्याच्या भांडणात, भावाभावांच्या वाटणीत तिचा उपयोगही झाला, हे मी नाकारणार नाही. पण गाव तंटामुक्त ठरले की बक्षिसाची रक्कम, आणि बक्षिसासाठी तंटे मिटलेले दिसायला हवेत. गावातला सर्वांत लवकर मिटणारा तंटा कोणता? ज्यात एक बाजू बाई आहे तो. तिला बोलावायचे, दोन-चार मोठी माणसे बसणार, नवरा कान पकडणार, ती डोक्यावरचा पदर सावरून "बरं" म्हणणार. सही झाली, मिटले. एका समितीत मी बसले होते तेव्हा अध्यक्षकाका मला म्हणाले, "बाई, तुम्ही शिकलेल्या लोकं घर मोडता, आमी जोडतो." ते मनापासून बोलत होते. ज्या मुलीचे घर त्यांनी जोडले ती दुसऱ्या महिन्यात पुन्हा माझ्यासमोर बसली होती, हाताला प्लास्टर घालून. तो तंटा कागदावर मिटलेलाच होता. मोहिमेचा जोर पुढे ओसरला, बक्षिसांच्या कमानी रंग उडून उभ्या राहिल्या. पण "गावची गोष्ट गावात" ही सवय टिकली, आणि तिला आता सरकारी शिक्क्याची आठवण चिकटलेली आहे.

ठाण्याची भीती विदर्भातल्या बाईला पुस्तकातून शिकावी लागत नाही. २६ मार्च १९७२ च्या रात्री देसाईगंजच्या ठाण्यात मथुरेवर जे झाले ते आपल्या चळवळीच्या इतिहासात आहे. ते गाव तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होते, आता गडचिरोलीत आहे. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडले, पुढच्या वर्षी चार कायदेतज्ज्ञांनी खुले पत्र लिहिले, देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. आज जबाबासाठी बाईला तिच्या घराबाहेर बोलावता येत नाही, बलात्काराची तक्रार स्त्री अधिकाऱ्याने लिहून घ्यावी लागते, हद्दीचे कारण सांगून कुठल्याही ठाण्याला परत पाठवता येत नाही. या तरतुदी मिळवायला पन्नास वर्षे गेली. पण आमच्या कोलाम पोडावरची आजी तिच्या नातीला आजही एकच गोष्ट सांगते: "पोलिसाची गाडी दिसली का घरात जाय." तिला १९८३ चा कायदा कुणी सांगितलेला नाही, आणि सांगितला तरी तिच्या अनुभवापुढे तो हरेल.

आता मरणाबद्दल लिहिते, कारण हा हिशेब तिथे सर्वांत जास्त चुकतो.

आमचा जिल्हा शेतकरी आत्महत्यांसाठी देशभर ओळखला जातो. त्यांची मोजणी होते, पात्र-अपात्र ठरते, पात्र कुटुंबाला एक लाख रुपये मिळतात. ते पुरेसे नाहीत, पण निदान मोजणी आहे. पात्रता ठरवताना जमीन कुणाची, कर्ज कुणाचे हे पाहिले जाते. सातबाऱ्यावर बाईचे नाव बहुधा नसते. म्हणून निंदण, वेचणी, फवारणीचे पाणी वाहणे हे सगळे करणारी बाई मेली तर ती शेतकरी म्हणून क्वचितच मरते. ती नुसतीच मरते. ठाण्यात मर्ग दाखल होतो, म्हणजे आकस्मिक मृत्यूची नोंद. कारणाच्या जागी "पोटदुखीस कंटाळून", "रागाच्या भरात", "स्वयंपाक करताना" असे काहीतरी असते. औषध तर घरातच असते. ज्या जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तिथे त्या डब्या खाटेखाली, ज्वारीच्या पोत्याशेजारी ठेवलेल्या असतात.

लग्नाला सात वर्षे झालेली नसताना बाईचा असा मृत्यू झाला तर चौकशी कडक व्हावी, दंडाधिकाऱ्याच्या पातळीवर व्हावी, असे कायदा सांगतो. हुंडाबळीचे कलम आहे, आत्महत्येस प्रवृत्त करण्याचे कलम आहे. मग कुठे अडते? अडते ते माहेरचा माणूस बोलत नाही तिथे. एका वडिलांनी मला सांगितले, "पोरगी तं गेली. आता दुसरीचं लगन त्याच गोतात करायचं हाये." लहान पोरे सासरीच असतात, ती कोण सांभाळणार हा प्रश्न असतो. तेराव्याच्या आत बोलणी होतात, कधी पोरांच्या नावाने एखादा एकर जमीन लिहून द्यायचे ठरते, आणि मर्ग मर्गच राहतो. आठव्या वर्षी मेली तर एवढीही चौकशी बंधनकारक नाही. सात वर्षांत बाई घरात रुळते असे कायदा करणाऱ्यांना वाटले असावे.

म्हणून मी म्हणते की स्त्रियांवरच्या अत्याचारांचे आकडे बघायचे असतील तर गुन्ह्यांच्या नोंदवहीआधी मर्गाची नोंदवही उघडा. पंधरा ते पस्तीस वयाच्या किती बायका मेल्या, किती विष पिऊन, किती जळून, किती विहिरीत. तेवढे वाचले की तालुका शांत आहे की गप्प, ते कळेल.

घराबाहेरच्या सुरक्षिततेबद्दल बोलायचे तर आमच्या तालुक्याला एक अनुभव असा आहे जो फार थोड्या तालुक्यांना असेल. २०१६ ते २०१८ या काळात पांढरकवडा-राळेगाव पट्ट्यात टी-१ वाघिणीची दहशत होती. तेरा माणसांचे बळी तिच्या नावावर लागले. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीच्या जंगलात तिला गोळी घातली गेली. ती मारायला हवी होती की पकडायला, यावर देशभर वाद झाला, त्यात मी शिरत नाही. मला आठवतो तो त्या दिवसांतला बंदोबस्त. सापळ्यातले कॅमेरे, ड्रोन, हत्ती, शिकारी कुत्री, हैदराबादहून आलेले नेमबाज, गावोगाव वनखात्याच्या गाड्या. आणि लोकांसाठी सूचना: एकट्याने वावरात जाऊ नका, घोळक्याने जा, दिवस बुडायच्या आत परता, सरपणाला जंगलात जाऊ नका, पहाटे अंधारात बाहेर बसू नका.

या सूचना ऐकून गटातली एक काकू हसून म्हणाली होती, "माय, हे तं मले माहेरी असतानाच सांगतलं होतं. तवा वाघ नोता." सगळ्या हसल्या. त्या दोन वर्षांत पुरुषही घोळक्याने जाऊ लागले, तेही अंधाराआधी परतू लागले, आणि मग मात्र हा जगण्याचा प्रश्न झाला. मजुरी बुडते, कापूस झाडावर राहतो, जागलीला जाता येत नाही, असे निवेदनांत लिहिले गेले. ते खरेच होते. बायकांची मजुरी, शाळा, सरपण हे सगळे त्याच कारणाने कायम बुडते, पण त्याचे निवेदन कुणी लिहिले नव्हते. वाघिणीची भीती ही आपत्ती ठरली. पुरुषाची भीती हा रिवाज आहे.

वेचणीच्या दिवसांत हे जवळून दिसते. किलोवर मजुरी असते, म्हणून बाई शेवटचा उजेड असेपर्यंत वेचते. मग मोजमाप, मग गाठोडे, मग रस्ता. मालकाच्या गाडीतून परतताना, वजनकाट्याजवळ, एकटे गाठून जे प्रकार होतात ते बायका गटात कुजबुजतात, पण रिपोर्ट देत नाहीत, कारण उद्या त्याच वावरात जायचे असते. कामाच्या जागी लैंगिक छळाचा २०१३ चा कायदा फक्त ऑफिसातल्या बायकांसाठी आहे असा समज आहे. तो चूक आहे. दहापेक्षा कमी माणसे जिथे काम करतात तिथल्या आणि मालकाविरुद्धच्या तक्रारींसाठी जिल्ह्यात स्थानिक समिती असावी लागते, आणि तालुक्यात तक्रार घेणारा अधिकारी नेमावा लागतो. तुमच्या तालुक्यातला तो अधिकारी कोण, हे विचारून पहा. मी जिथे जिथे विचारले तिथे समोरच्यानेच मला "असं काही असते का?" म्हणून विचारले.

नदीपलीकडे हिंगणघाट आहे. ३ फेब्रुवारी २०२० च्या सकाळी एक तरुण प्राध्यापिका एसटीतून उतरून कॉलेजला चालत निघाली होती. नंदोरी चौकात तिच्यावर पेट्रोल टाकून तिला पेटवले गेले. आठवड्याने, १० फेब्रुवारीला, ती गेली. ज्याने हे केले तो तिच्याच गावचा होता. दोन वर्षांनी त्याला जन्मठेप झाली. त्या आठवड्यात आमच्याकडे मोर्चे निघाले, शाळाकॉलेजच्या मुली पहिल्यांदाच रस्त्यावर बसलेल्या मी पाहिल्या. मागणी एकच होती, फाशी. सरकारने मग शक्ती विधेयक आणले, डिसेंबर २०२१ मध्ये ते विधिमंडळात मंजूर झाले, आणि पुढे वर्षानुवर्षे केंद्राच्या मंजुरीपाशी अडकून राहिले.

मुलींचा राग मला समजतो. पण त्या मोर्च्यानंतर आमच्या गावांत काय झाले ते सांगायला हवे. काही घरांत मुलींचे कॉलेज थांबले. "त्या मास्तरणीचं काय झालं, पाहिलं ना?" एवढे एक वाक्य पुरले. फाशीच्या मागणीने कुठल्याही बापाचा धीर वाढला नाही. त्याचा धीर वाढतो सहाची बस सहाला आली तर. ही गोष्ट फार साधी आहे, म्हणून कुणाच्या भाषणात येत नाही. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट झाले, बायकांना त्याचा आनंद झाला आणि तो रास्त आहे. पण अर्ध्या तिकिटाला पूर्ण बस लागते. गाडी रद्द झाली की मुलगी फाट्यावर उभी राहते, मग मिळेल त्या ऑटोत, मिळेल त्याच्या मोटारसायकलीवर बसते. २०२१-२२ च्या संपात एसटी काही महिने बंद होती तेव्हा आतल्या गावांतल्या ज्या मुली घरी बसल्या, त्यांतल्या काहींची लग्नेच लागली. याची नोंद कुठल्या रकान्यात करायची? बालविवाह झाला असेल तर तो गुन्हा आहे. पण मुळात मुलीला घरी बसवले ते भीतीने, आणि भीती गुन्हा नाही.

या वयाच्या मुलींविषयी आणखी एक अवघड गोष्ट. आमच्याच जिल्ह्यात झरी जामणीकडच्या आदिवासी कुमारी मातांचा प्रश्न वर्षानुवर्षे विधानसभेपर्यंत गाजला. लग्नाचे आमिष दाखवून बाहेरचे कंत्राटदार, कामावरचे लोक मुलींना फसवून निघून गेले, आणि गुन्हे मात्र फारसे झाले नाहीत. २०१२ च्या पोक्सो कायद्याने अठराखालच्या मुलीची संमती मानली जात नाही आणि गुन्ह्याची माहिती असणाऱ्या प्रत्येकाला ती कळवणे बंधनकारक आहे. कायदा मुलीच्या बाजूने आहे. पण आता पोटुशी मुलगी दवाखान्यात नेली की पोलीस येणार हे कळल्यामुळे घरचे तिला दवाखान्यातच नेत नाहीत. आशाताईंची यात कुतरओढ होते. त्यांनी कळवले तर गाव तोडते, नाही कळवले तर कायदा धरतो. यावर माझ्याकडे तयार उत्तर नाही. आपल्या संघटनांनी यावर एकदा मोकळेपणाने बोलायला हवे, एवढे मात्र मला नक्की वाटते.

दारूचा विषय सोडून आमच्या भागात सुरक्षिततेवर बोलताच येत नाही. पलीकडच्या वर्धा जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे, अलीकडे आमच्याकडे परवान्याची दुकाने. चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ ला बंदी आली आणि मे २०२१ मध्ये उठवली गेली. म्हणजे दोन बाजूंना कधी बंदी, कधी मुभा, आणि मधल्या आमच्या गावांतून माल जायचा, पोरे त्या कामाला लागायची. बंदीने दारू जाते असे मी म्हणत नाही. पण दुकान गावात, शाळेच्या वाटेवर असणे आणि नसणे यातला फरक बायकांना विचारा. दुकान बंद करायचा मार्ग २००८ च्या शासन आदेशाने दिला आहे: पंचवीस टक्के महिला मतदारांच्या सह्या, मग गुप्त मतदान, आडवी बाटली की उभी. यात मेख अशी की मतदानाला आलेल्यांपैकी नव्हे, तर यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. जी बाई कामाला गाव सोडून गेली, जी बाळंतपणाला माहेरी आहे, जिला नवऱ्याने त्या दिवशी घराबाहेर पडू दिले नाही, एवढेच काय, जी मेली पण यादीत राहिली, तिचे मत उभ्या बाटलीला गेल्यासारखेच आहे. आमदार निवडून यायला एवढी मते लागत नाहीत.

या सगळ्यावर एक उत्तर ठरलेले असते. "बायका खोट्या केसेस करतात." बैठकीत कुणी तरी उभे राहून हे म्हणतोच. काही तक्रारी खोट्या असतात, तशा त्या चोरीच्या आणि जमिनीच्याही असतात. म्हणून चोरीची रिपोर्ट घेणे कुणी थांबवत नाही. आणि जिथे शंभरातल्या सत्त्याहत्तर बायका सख्ख्या आईलाही सांगत नाहीत, तिथे खोट्या तक्रारींचा पूर आला आहे हे म्हणणे मला चेष्टेचे वाटते.

तर आपण मागायचे काय? कॅमेरे, पथके, हेल्पलाइन हे सारे मागतातच, मागावेही. रात्री ११२ लावल्यावर गाडी आलेली मी पाहिली आहे. पण माझ्या मते आधी वेगळे आकडे मागायला हवेत. ठाण्याने वर्षअखेरीस गुन्हे किती "कमी" झाले हे सांगताना किती बायका एनसीचा कागद घेऊन परत गेल्या आणि त्यांतल्या किती दुसऱ्यांदा आल्या, हेही सांगावे. एकाच नवऱ्याविरुद्ध दुसरी एनसी आली तर छळाचे कलम लावायचे की नाही, हे त्याच वेळी तपासावे. लिहून घेताना "काल काय झालं" याच्या जोडीला "याआधी काय काय झालं" हा प्रश्न छापील नमुन्यात असावा. पोलीस पाटलाने गावात मिटवलेल्या बायकांच्या प्रकरणांची नोंद ठेवावी. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते, ती बहुतेक ठिकाणी सह्यांपुरती होते. त्या सभेत बस, रस्त्यावरचे दिवे आणि दुकान हे विषय लिहून घ्यायला लावायला हवेत. संरक्षण अधिकारी, वन स्टॉप सेंटर हे जिल्ह्याच्या ठिकाणी, चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर आहे. महिन्यातून ठरलेल्या एका दिवशी, बाजाराच्या दिवशी, ते तालुक्याला येऊन बसू शकते. बाई बाजाराला येतेच. तिला घरी काही कारण सांगावे लागत नाही.

यातल्या पहिल्या मागणीला आम्ही हात घातला आहे. काही गावांच्या बचतगटांनी मिळून माहितीच्या अधिकारात अर्ज लिहिला आहे. गेल्या पाच वर्षांतल्या स्त्रियांनी दिलेल्या एनसी किती, त्यांपैकी किती पुढे दखलपात्र गुन्ह्यात बदलल्या, आणि पंधरा ते पस्तीस वयाच्या स्त्रियांचे मर्ग किती, कारणांसह. नावे मागितलेली नाहीत, फक्त संख्या. अर्जाला दहा रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालच्या बाईला तेही नाहीत, म्हणून अर्ज तशाच एका मैत्रिणीच्या नावाने केला. सही कुठे करायची यावरून तिने तीनदा विचारले, कारण तिची आधीची सही एनसीच्या कागदावर होती आणि त्याचे काहीच झाले नव्हते. कायद्याने उत्तराला तीस दिवस आहेत. ज्या गटांना आपल्या ठाण्यात असाच अर्ज करायचा आहे त्यांनी कळवावे, मसुदा पाठवीन. आलेले आकडे, जसे येतील तसे, पुढच्या अंकासाठी पाठवते.